सगळीकडं गणित तेच, मग मिशनच्या शाळेत वेगळं काय?

पत्र बरंच लांब होतं, कामाचं तेवढं ठेवलंय:

"मॅडम, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे अंबड तालुक्यातले, मिस्टर सळईच्या कंपनीत आहेत म्हणून जालन्यात राहतो, मी घरी ब्लाऊज शिवते. मोठी मुलगी यंदा चौथीत आहे, पाचवीला शाळा बदलावीच लागणार. सासूबाई लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकल्या, त्या म्हणतात पोरीला चर्चच्याच शाळेत टाका. ती शाळा सेमी इंग्लिश आहे, बिल्डिंग जुनी, फी झेपण्यासारखी. मिस्टरांचं मन बायपासच्या नव्या सीबीएसई शाळेवर, तिथं सहावीपासून डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं फाउंडेशन घेतात, फी तिप्पट. ते म्हणतात प्रार्थना घरी होते, रविवारी चर्च आहेच, शाळेत बायबल शिकून कोणी डॉक्टर होत नाही, गणित सगळीकडं तेच. जाऊबाई म्हणतात तिथं सगळी आपलीच लेकरं, बाहेरच्या जगात पोरगी टिकणार कशी. पोरगी गणितात कच्ची आहे आणि चार लोकांत तोंड उघडत नाही. ख्रिस्ती शाळेत वेगळं असतं तरी काय हे मला घरी कोणाला सांगताच येईना. खरंच काही असतं, का सकाळची प्रार्थना आणि नाताळचा कार्यक्रम एवढंच?
– एक आई, जालना"

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्या मिस्टरांचं एक म्हणणं आधीच मान्य करून टाकते म्हणजे पुढं बोलायला सोपं जाईल. गणित सगळीकडं तेच आहे. मिशनच्या शाळेत त्रिकोणाला चार कोन नसतात आणि बायबल पाठ केलं म्हणून नीटमध्ये मार्क पडत नाहीत. जे लोक चर्चमध्ये उभं राहून "आपल्या शाळेत टाका, देव आशीर्वाद देईल" एवढंच सांगतात ना, त्यांच्यामुळंच तुमच्या मिस्टरांसारखी हिशोबी माणसं वैतागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बाप बारा-बारा तास भट्टीच्या धगीजवळ काढतो, त्याला लेकराचं भविष्य आकड्यात दिसावं वाटणारच.

पण तुम्ही विचारलंय वेगळं काय, तर वेगळं असतं, जिथं ती शाळा खरंच ख्रिस्ती आहे तिथं. आणि ते प्रार्थनेच्या दहा मिनिटांत शोधू नका. समोर बसलेलं लेकरू कोण आहे याचं उत्तर शाळेनं मनात काय धरलंय, तिथं सगळा फरक पडतो. ख्रिस्ती विश्वासाचं उत्तर बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे, देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, नर आणि नारी दोघांनाही. म्हणजे पोरगी शाळेच्या गेटातून आत येते तेव्हाच तिची किंमत पूर्ण असते, रिझल्ट लागल्यावर ठरत नाही. हे ऐकायला प्रवचनासारखं वाटतं मला माहितीय, पण वर्गात याचा अर्थ फार रोखठोक निघतो. आपल्याकडं मराठवाड्यात तुकड्या कशा पाडतात तुम्हाला माहितीच आहे, मार्क बघून अ तुकडी हुशारांची, मग ब, क, आणि ड म्हणजे ढ असं लेकरंच एकमेकांना म्हणतात, आणि चांगला गणिताचा सर कुठं जातो तर अ तुकडीला, कारण दारावरच्या फ्लेक्सवर फोटो त्यांचेच लागणार असतात. ड तुकडीला नवीन लागलेला, कमी पगारातला, कधी येतो कधी येत नाही असा सर. ज्या शाळेला वर सांगितलेली गोष्ट खरी वाटते तिला हे जमूच नये, तिथं उलटं व्हायला पाहिजे, सगळ्यात चांगला शिक्षक सगळ्यात कच्च्या पोरांपुढं. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आपण रविवारी ऐकतो, सोमवारी टाइमटेबल लावताना ती आठवते का एवढाच प्रश्न आहे. तुमची पोरगी गणितात कच्ची आणि लाजरी, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं. तिच्यासाठी शाळेतला एसी नंतरचा विषय आहे, शाळा कच्च्या लेकराचं काय करते हा पहिला.

आता दुसरी बाजू पण आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे तसाच तो पापातही पडलेला आहे, हेही आपल्या विश्वासातच आहे, आणि शाळेसाठी ही गोष्ट पहिलीइतकीच कामाची. तुम्ही जालन्यात राहता म्हणजे दहावी-बारावीच्या सेंटरवर काय चालतं हे मी काय सांगू, खिडकीला लटकलेले भाऊ-काका, चिठ्ठ्या, कॉपीमुक्त अभियान आलं की चार दिवस बंदोबस्त आणि परत तेच. बऱ्याच शाळांना मनातून कॉपी चालते कारण रिझल्ट वर जातो, पालकांनाही चालते, मग लेकरू पंधराव्या वर्षी शिकतं की सगळे मोठे मिळून खोटं करायलेत आणि त्यालाच ॲडजस्टमेंट म्हणतात. खरी ख्रिस्ती शाळा इथं काय करते? एक तर कॉपी चालू देत नाही, रिझल्ट पडला तरी. पण त्याहून महत्त्वाचं, पकडलेल्या पोराचं पुढं काय करते ते बघा. चोर म्हणून शिक्का मारून दाखला हातात देणं सोपं आहे, आणि "जाऊ दे पोरगंच आहे" म्हणणं त्याहून सोपं. अवघड काम असं की त्याला समोर बसवून चूक कबूल करून घ्यायची, त्याची शिक्षा भोगू द्यायची, पेपर शून्य तर शून्य, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याच मानानं परत बसवायचं, तो विषय परत काढायचा नाही. पश्चात्ताप आणि क्षमा हे दोन शब्द आपण उपासनेत किती वेळा म्हणतो, पण पोरांना ते असे कळतात, नुसत्या पाठांतरानं नाही कळत. मला विचाराल तर ख्रिस्ती शिक्षणाची सगळ्यात मोठी ताकद हीच, आणि दुर्दैवानं माहितीपत्रकात हीच कधी छापलेली नसते, तिथं स्मार्ट बोर्ड छापलेला असतो.

बरं, गणिताचं. मिस्टर म्हणतात तेच असतं, तर एक उदाहरण देते. चक्रवाढ व्याजाचा धडा येतो, सूत्र फळ्यावर, पाच गणितं सोडवा, झालं. आता याच धड्यात समजा बाईंनी पोरांना विचारलं की आपल्या गावात सावकार काय भाव लावतो, तर वर्गातली निम्मी पोरं सांगतील शेकडा तीन, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. मग फळ्यावर १०,००० रुपये घ्या, सरळव्याजानं वर्षाचं व्याज ३,६०० होतं, म्हणजे मुद्दल धरून १३,६००, आणि थकलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेलं तर वर्षाअखेर मुद्दल धरून १४,२५० च्या वर जातात. पोरांनी हे स्वतः सोडवलं की वर्ग शांत होतो, कारण त्यातल्या कोणाच्या तरी घरी हेच चालू असतं, बियाण्याला घेतलेले पैसे. इथपर्यंत कुठलाही चांगला शिक्षक जाईल. ख्रिस्ती शिक्षक अजून एक पाऊल पुढं जाऊ शकतो, तो विचारू शकतो की हा दर न्याय्य आहे का, आणि सांगू शकतो की बायबलच्या निर्गम या पुस्तकात गरिबाला उसने दिले तर व्याज लावू नको अशी आज्ञा आहे, त्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे असंही आहे, कारण रात्री तो काय पांघरून झोपेल. सूत्र तेच, उत्तरही तेच, पण आकड्याच्या मागं माणूस आहे आणि त्याच्या मागं देव बघतोय हे पोरगी शिकली. धर्म वेगळ्या तासात आणि जग वेगळ्या तासात असं न करता सगळं एकाच देवाचं आहे म्हणून सगळंच मन लावून शिकायचं, विज्ञान पण, भूगोल पण, हा यातला विचार आहे. म्हणून तर जुन्या काळी चर्चची माणसं शाळेच्या कामात एवढी घुसली, कोमेनियस नावाचा मोराव्हियन बिशप होता, त्यानं १६५८ मध्ये लेकरांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं आणि मुलींसकट सगळ्यांना शिकवा असं तो त्या काळात म्हणत होता.

आता डॉक्टरकी. मिस्टरांना म्हणावं, डॉक्टर करायचंय ना पोरीला, चांगलंच आहे, करा. पण आपल्या बीड जिल्ह्याला लागून जामखेड आहे, तिथलं आरोळे डॉक्टरांचं काम त्यांनी ऐकलंय का विचारा. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे, नवरा-बायको दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, म्हणजे आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टरीणबाईंनी १९१८ मध्ये मुलींसाठी जे मेडिकल स्कूल काढलं त्याचंच पुढं झालेलं कॉलेज. अशी डिग्री घेऊन माणूस मुंबईला बसू शकतो, परदेशात जाऊ शकतो. हे दोघं १९७० मध्ये जामखेडला आले, दुष्काळी भाग, रस्ते नाहीत, आणि त्यांनी काय केलं तर गावागावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या, त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण सुरक्षित कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला काय पाजायचं, कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे त्या बायका गावात जाऊन करायला लागल्या आणि ज्यांच्या सावलीला लोक बाजूला होत होते त्यांना लोक घरी बोलवायला लागले. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे मिळाला, जगभरातून लोक शिकायला जामखेडला यायलेत. यातली गंमत बघा, डॉक्टरकीचं ज्ञान तेच, पुस्तकं तीच, पण शिकलेलं कोणासाठी वापरायचं याचं उत्तर त्या दोघांच्या मनात आधीच पक्कं होतं. आपल्याकडं त्याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं. शाळा नीटचा स्कोर देऊ शकते, क्लास तर नक्कीच देऊ शकतो, लातूरला जाऊन बघा कारखाना आहे नुसता, पण पाचारण हा विषय त्या टाइमटेबलमध्ये नसतो. पोरगी डॉक्टर झाल्यावर कशी डॉक्टर होईल हे पाचवी ते दहावीत घडतं, तेव्हा तिच्या भोवती कोण माणसं होती यावर.

आणि फाउंडेशनचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, सहावीतल्या लेकराला नीटचं फाउंडेशन विकणं म्हणजे पालकांच्या भीतीचा धंदा आहे. नीट होते ती अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर. सहावीत काय लागतं, तर अपूर्णांक पक्के, वाचलेलं समजणं, प्रश्न विचारायची हिंमत. तुमच्या पोरीला तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लागणार आहे. सेमी इंग्लिशला पण घाबरू नका, गणित-विज्ञान इंग्लिशमधून होतं आणि बाकीचं मराठीतून, लेकरू रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं समजून म्हणू शकतं, आजीला बायबल वाचून दाखवू शकतं. इंग्लिश मीडियमची आपली कितीतरी पोरं चर्चमध्ये मराठी बायबल हातात धरून नुसती पानं उलटतात, मला तर बघवत नाही.

सासूबाईंच्या बाजूनं पण थोडं बोलते, कारण घरात त्यांचं म्हणणं जुनं म्हणून उडवून लावत असतील. त्यांच्या पिढीला "बोर्डिंगात शिकलो" म्हणण्यात एवढा अभिमान का आहे ते समजून घ्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, वरचं शिक्षण उर्दूतून, खेड्यात शाळेचा पत्ता नाही, आणि गावकुसाबाहेरच्या लेकरानं शाळेत जायचं म्हणजे काय हे तुमच्या-माझ्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तुम्ही ज्या जालन्यात राहता तिथंच नारायण शेषाद्री आले होते, जन्मानं ब्राह्मण, मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली, त्यात राहायला आलेले बहुतेक मांग-महार समाजातले. एका ब्राह्मणानं त्या काळात त्यांच्यात राहून हे करणं म्हणजे काय असेल, विचार करा. पलीकडं पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंकडं शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं. दोघंही ख्रिस्ती झाले नाहीत, पण शिक्षण सगळ्यांचं हे त्यांनी किती पुढं नेलं ते जगाला माहितीय. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या पोरीबाळी, विधवा आणल्या त्यांना नुसतं अक्षर नाही शिकवलं, छापखाना, विणकाम, शेती सगळं शिकवलं, हाताला काम आणि डोक्याला अक्षर बरोबरच. बोर्डिंगातल्या आपल्या बायका आजही कामाला लाजत नाहीत ते उगीच नाही, झाडलोट सगळ्यांची सारखी, कलेक्टरची लेक असो नाहीतर सालगड्याची.

हो, आणि मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता हेही खरं, ते लपवायचं काही कारण नाही, ते स्वतःही लपवत नव्हते. म्हणून आता जाऊबाईंच्या मुद्द्यावर येते, तो मात्र माहिती नसल्यामुळं आलाय. मिशनच्या शाळेत सगळी आपलीच लेकरं असतात असं मराठवाड्यात तरी सहसा नसतं, आपण आहोतच मूठभर. बहुतेक ख्रिस्ती शाळांत हिंदू, बौद्ध, मुसलमान लेकरंच जास्त असतात, आपली वर्गात चार-पाच. आणि संविधानाचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य शाळेत कोणालाही, लहान असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. चांगल्या शाळा हे पाळतात, आपल्या लेकरांचा बायबलचा तास वेगळा आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण. मला हे कायद्यापेक्षा विश्वासाच्या अंगानंच जास्त पटतं, जबरदस्तीनं गुडघे टेकवलेलं लेकरू देवाला काय कामाचं. म्हणजे तुमची पोरगी तिथं ईदची बिर्याणी खाईल, भीमजयंतीच्या मिरवणुकीची गोष्ट ऐकेल, आणि आपण कोण आहोत हेही तिला कोणापुढं दबून सांगावं लागणार नाही. बायपासच्या शाळेत कदाचित ती वर्गात एकटीच ख्रिस्ती असेल, आणि लाजऱ्या लेकराला ते जड जातं.

आता एवढं चांगलं बोलले म्हणून लगेच फॉर्म भरायला जाऊ नका, थांबा. पाटीवर सेंट लिहिलं म्हणून शाळा ख्रिस्ती होत नाही. आपल्याकडं तर तालुक्या-तालुक्याला कॉन्व्हेंटच्या पाट्या आहेत, मालक कोण तर प्लॉटिंगवाले, आणि सिस्टर म्हणून कोणी असेल तर ती फक्त दवाखान्यात. ते एक वेळ सोडा, पण खऱ्या चर्चच्या ट्रस्टच्या शाळाही काही ठिकाणी आतून पोकळ झाल्यात हे आपणच बोललं पाहिजे, ट्रस्टच्या भांडणात कोर्टाच्या तारखा, शिक्षकांचे पगार थकलेले, नोकऱ्या नात्यागोत्यात, नाताळला स्टेज मोठं आणि वर्षभर छडी. असल्या शाळेपेक्षा मन लावून शिकवणारी जिल्हा परिषदेची शाळा मी डोळे झाकून निवडेन, तिथला गुरुजी कुठल्याही धर्माचा असो.

म्हणून जाऊन बघा, कार्यक्रमाच्या दिवशी नाही, साध्या मंगळवारी-बुधवारी मधल्या सुट्टीच्या आधी जा. ऑफिसात बसायच्या आधी वर्गांवरून एक चक्कर मारा आणि शेवटच्या बाकावर कोण बसलंय, त्याची वही तपासलेली आहे का ते बघा, लाल शेरे आहेत का नुसत्या बरोबरच्या खुणा, का महिन्याभरापासून पेन लागलेलाच नाही. वही खोटं बोलत नाही. मुख्याध्यापकांना सरळ विचारा की गणितात मागं राहिलेल्या लेकरांसाठी शाळा सुटल्यावर काय करता, आणि उत्तर "पालकांनी ट्युशन लावावी" असं आलं तर तिथंच समजून जा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं असतील तर ती मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा त्यांचं काय करता तेही विचारा, नावं कमी करतात, का कोणी बाई त्यांना वेगळं बसवून मागचं घेते, या एका उत्तरात शाळेचा सगळा धर्म कळतो बघा. शिक्षक किती वर्षांपासून आहेत, दरवर्षी बदलतात का. आणि शिपाई मावशींशी दोन मिनिटं बोला, त्यांना लेकरं नावानं हाक मारतात का "ए मावशे" करतात, हेही कान देऊन ऐका. दहावीच्या सेंटरचं पण विचारायला लाजू नका.

फीबद्दल एक. चर्चच्या शाळेत आरटीईचा पंचवीस टक्केवाला नंबर लागेल असं कोणी सांगितलं असेल तर त्या भरवशावर राहू नका, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून बाहेर ठेवलंय. पण बऱ्याच ट्रस्टकडं फीमध्ये सवलत असते, ती बोर्डावर लावलेली नसते, अर्ज करून मागावी लागते, पाळकसाहेबांचं पत्र जोडलं तर काम लवकर होतं. मागायला संकोच करू नका, सवलत असतेच त्यासाठी.

आणि मिस्टरांच्या त्या वाक्याबद्दल, प्रार्थना घरी होते. होते ना? मग खरंच मोठी गोष्ट आहे, कारण बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात लेकरांना शिकवायची आज्ञा शाळेला दिलेलीच नाही, आईबापाला दिलीय, घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना शिकवा असं. शाळा कितीही ख्रिस्ती असली तरी ती तुमचा मदतनीस, तुमच्या जागी नाही. बापानं पगाराच्या दिवशी दुकानदाराचा हिशोब प्रामाणिकपणे चुकता केला, शेजारच्या माणसाबद्दल जेवताना चांगलं बोलला, आईनं गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं उरलेलं कापड न मागता परत दिलं, हे लेकरू रोज बघतंय आणि यापुढं कुठल्याही शाळेचा तास फिका आहे. म्हणून समजा सगळं बघून शेवटी बायपासची शाळाच ठरली, काही कारणानं, तर देवानं तोंड फिरवलं असं सासूबाईंनी समजू नये. मग संडे स्कूल चुकवू नका एवढंच. संडे स्कूल म्हणजे आपल्याकडं लोक टाइमपास समजतात, पण ती चळवळ पसरली तीच मुळात इंग्लंडात १७८० च्या सुमाराला रॉबर्ट रेक्स या पेपरवाल्यामुळं, आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांना रविवारी तरी वाचता यावं म्हणून. तुमच्या मंडळीत कोणी कॉलेजची ताई-दादा असतील तर त्यांना सांगा, उपासना झाल्यावर अर्धा तास लेकरांचं गणित घ्या, कोणी नाही म्हणणार नाही.

पण माझा कौल विचाराल, तर तो चर्चच्या शाळेला, दहावीपर्यंत, वर सांगितलेल्या गोष्टी तपासून बऱ्या निघाल्या तरच. तिप्पट फीतून वाचणारे पैसे पोरीच्या नावानं पोस्टात टाका, अकरावीला लातूर म्हणा नाहीतर संभाजीनगर, क्लास आणि हॉस्टेलला तेव्हा खरी गरज पडते, आणि तोपर्यंत तिलाही कळेल की डॉक्टर तिला व्हायचंय का बाबांना.

मिस्टरांशी वाद घालू नका, त्यांची साप्ताहिक सुट्टी ज्या दिवशी असेल त्या दिवशी दोन्ही शाळा त्यांनाच दाखवा, तुम्ही बोलू नका, वह्या त्यांच्या हातात द्या, हिशोबी माणूस आहे, स्वतः बघितलेलं त्यांना पटेल. पोरीलाही सोबत न्या आणि मधल्या सुट्टीत तिला मैदानावर सोडून तुम्ही लांब उभे राहा, कोणी तिला खेळायला बोलावतं का बघा. सासूबाईंना नेलं तर त्या तिथं रडतील आणि मिस्टर अजून अडून बसतील, त्यामुळं त्यांना फी भरायच्या दिवशी न्या. आणि चौथीच्या शाळेतून दाखला काढायला जूनची वाट बघू नका, रिझल्ट लागला की लगेच अर्ज द्या, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळतंय का तेही आत्ताच तपासा, आपल्या लोकांची आडनावं आणि बाप्तिस्म्याची नावं यात कारकून लोक फार घोळ घालतात.